पाठीमागचा चेंडू

धुक्यातून बस आली आणि सिग्नलला नेमकी कॉर्डेलच्या समोर थांबली. ह्यूस्टनमध्ये डिसेंबरात कधी कधी समुद्रावरून असं धुकं येतं की चौकापलीकडचा पेट्रोल पंपही पुसून टाकल्यासारखा नाहीसा होतो. सकाळचे आठ वाजले होते. उकडलेल्या अंड्यांचा डबा हातात घेऊन तो व्यायामशाळेकडे चालला होता, आणि आधी त्याला फक्त रंग दिसला. गडद हिरवा. चार वर्षं तो रंग त्याच्या अंगावर होता, उशीच्या अभ्र्यावर होता, एकदा तर तापात त्याच्या स्वप्नातही सगळी माणसं त्याच रंगाची होती. मग खिडक्या दिसल्या, आणि खिडक्यांतून चेहरे. टीमच्या बसमध्ये कोणी कुठे बसायचं हे कोणी ठरवत नाही, पण ते कधी बदलतही नाही. डावीकडची चौथी खिडकी कॉर्डेलची होती. त्या खिडकीत एक पोरगा काचेला गाल चिकटवून, तोंड उघडं टाकून झोपला होता. मॅकाय. पहिल्या वर्षाचा. त्याच्या श्वासाने काचेवर वाफेचा गोल धरला होता. तो मोठा होत होता, लहान होत होता. कॉर्डेल त्या गोलाकडे बघत राहिला. सिग्नल हिरवा झाला, बस धुक्यात शिरली, मागचा लाल दिवाही विरघळला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण उजवा हात खांद्यापर्यंत वर उचलून उभे आहोत. कोणाला हाक मारायला, की कोणाला थांबवायला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तीन आठवड्यांपूर्वी त्याने जाहीर केलं होतं, की कॉलेज फुटबॉलच्या मोसमाअखेरचा, याच शहरात होणारा मानाचा ‘बोल’ सामना तो खेळणार नाही. चार ओळींचं निवेदन होतं. त्यातल्या तीन ओळी एजंटने लिहिल्या होत्या आणि देवाचे आभार मानणारी चौथी आईने. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ आपापले खेळाडू निवडणार होते. कॉर्डेल पेटवेचं नाव पहिल्या फेरीत नक्की पुकारलं जाणार, असं सगळे म्हणत होते. अशा वेळी, विजेतेपदाशी ज्याचा काही संबंध नाही अशा एका सामन्यासाठी गुडघे पणाला कोण लावतं? तो पहिला नव्हता. दरवर्षी दहा-वीस जण असंच करतात. कोच त्याच्याशी वाईट वागले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “नीट विचार केलायस?” तो म्हणाला, “हो, सर.” “मग झालं तर,” असं म्हणून ते उठले आणि मयताला आलेल्या माणसाशी करावं तसं दोन्ही हातांनी त्यांनी हस्तांदोलन केलं. त्या दोन हातांच्या उबेतून बाहेर पडल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं होतं, आणि तो हलकेपणाच तेव्हापासून त्याला सोडत नव्हता. ह्यूस्टनमध्ये एजंटने त्याला घर घेऊन दिलं होतं, सातव्या मजल्यावर. तिथे तो आपलं शरीर सांभाळत होता. सकाळी वजन, मग बर्फ, मग उडी किती, झेप किती, हाताची वीत किती. एक मुलगी येऊन त्याच्या घोट्याचा कोन मोजायची आणि वहीत लिहायची. अंगाला हात लावणारी माणसं वाढली होती आणि अंग मात्र दूर दूर चाललं होतं. जिन्यावरून उतरताना तो कठड्याला धरून उतरायचा, दुसऱ्या कोणाची तरी मोठी काचेची हंडी डोक्यावर असल्यासारखा. कधी कधी दुपारी अर्धवट झोपेत त्याला वाटायचं, की आपण शेजारच्या खोलीत आहोत आणि इथे पलंगावर हे जे एकशे चाळीस किलोचं निजलंय, त्याची राखण करायला आपल्याला ठेवलंय.

राखण हाच त्याचा धंदा होता खरा. नऊ वर्षांचा असल्यापासून तो डाव्या टोकाला उभा राहत आला होता. चेंडू हातात घेऊन क्वार्टरबॅक मागे सरकतो, उजवीकडे कोण मोकळं आहे ते बघतो; आणि त्याची पाठ ज्या बाजूला असते त्या बाजूने जो गडी त्याला चिरडायला धावत येतो, त्याला अडवायचं. तीन सेकंद, फार तर चार. चेंडू सुटेपर्यंत. चेंडू सुटतो तो कायम मागे, पाठीमागे. मग डोक्यावरून जातो आणि कुठेतरी उतरतो. अडवणाऱ्याचं तोंड समोरच्या माणसाच्या छातीत असतं. ऐंशी हजार माणसं ओरडली, की त्याला कळायचं, पोचला. ती सुस्कारली, की कळायचं, पडला. दोन वर्षं क्वार्टरबॅक एलिस रेनफ्रोने त्याच्या पाठीमागे उभं राहून चेंडू फेकले होते आणि लोक म्हणायचे, एलिसचा हात फार मोठा नाही पण त्याचा चेंडू बघायला गोड असतो. कॉर्डेलने तो बघितला नव्हता. सरावात बघितला असेल. पण सामन्यातला, जिवावर बेतलेला, कधीच नाही.

आणि ती जागा तरी त्याची कुठे होती? दोन वर्षांपूर्वी अशाच एका बोल सामन्यात तिथे रॉडरिक टॉलिव्हर उभा होता. तोही एप्रिलमध्ये जाणार होता. त्यालाही लोकांनी सांगितलं होतं, नको खेळू. टॉलिव्हर हसून म्हणाला होता, “पोरांना सोडून मी काय घरी सोफ्यावर बसू?” तिसऱ्या सत्रात त्याच्याच बाजूचा एक गडी मागून त्याच्या पायावर पडला. बाकावर बसलेल्या कॉर्डेलला आवाज ऐकू आला, ओली फांदी पिळून मोडावी तसा. टॉलिव्हरला गाडीवर घालून नेलं. कोचने बोट केलं, आणि कॉर्डेल डोक्यावर हेल्मेट चढवत धावत निघाला, तेव्हा गवतावर टॉलिव्हरच्या बुटाने उखडलेला मातीचा तुकडा तसाच पडला होता. त्याने तो टाचेने दाबून बसवला आणि त्यावर उभा राहिला. त्या क्षणी त्याला आनंद झाला होता. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. आनंद लहानसाच होता, जिभेवर ठेवलेल्या खडीसाखरेएवढा, पण होता. टॉलिव्हर आता माँटगमरीत टायरच्या दुकानात काम करतो. जाहीर केलं त्या दिवशी त्याचा एकच शब्दाचा निरोप आला होता: ‘शाबास.’ कॉर्डेलने तो शब्द शंभरदा वाचला. त्यात टोमणा आहे की नाही, हे त्याला कळेना.

घरी आई बोलायची, डॅडी बोलत नव्हते. ओथा पेटवे एरवीही फार बोलणारे नव्हतेच. अलाबामा नदीकाठच्या कागद गिरणीत त्यांची एकतीस वर्षं गेली, डाव्या हाताची दोन बोटं गेली, आणि ती गेली त्या आठवड्यातही त्यांनी एकच पाळी चुकवली होती. पण गेल्या तीन आठवड्यांत फोनवर त्यांचं एकच वाक्य यायचं: “थांब, आईला देतो.” त्या वाक्यानंतर फोन हातातून हातात जाईपर्यंत जी खरखर ऐकू यायची, तिच्यात कॉर्डेलला सगळं ऐकू यायचं. शाळेपासूनचा एकही सामना डॅडींनी चुकवला नव्हता. गिरणीतून थेट यायचे, अंगाला तो कुजक्या कोबीसारखा वास. पोरं नाक दाबायची आणि कॉर्डेलला बरं वाटायचं. वास आला म्हणजे ते आले.

बस दिसली त्याच दुपारी एलिस आला. व्यायामशाळेच्या आवारात, कोणाची तरी मागून आणलेली खटारा पिकअप गाडी घेऊन. उतरल्या उतरल्या त्याने कॉर्डेलभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“हात लावू का रे? की आधी डॉक्टरची चिठ्ठी आणू?”

“गप रे.”

“नाही, विचारून घेतलेलं बरं. उद्या म्हणशील, एलिसने खांद्यावर थाप मारली आणि मी पहिल्या फेरीतून तिसरीत गेलो.”

दोघं गाडीच्या मागच्या फळीवर बसले. फळी कॉर्डेलच्या बाजूने खाली गेली आणि एलिस घसरत त्याच्याकडे आला, नेहमीसारखा. धुकं उतरलं नव्हतं; आवारातल्या गाड्या तळ्यात उभ्या केल्यासारख्या वाटत होत्या. एलिसने पिशवीतून बिस्किटं आणि सॉसेज काढली, अर्धी कॉर्डेलपुढे धरली. कॉर्डेलने मान हलवली, आहारात नव्हतं. एलिसने त्याच्याकडे बघितलं आणि तीही स्वतःच खाल्ली.

“मॅकाय कसा आहे?” कॉर्डेलने विचारलं.

“चांगला आहे. रोज रात्री आईला फोन करून रडतो. पण चांगला आहे.” एलिस बोटं चाटत म्हणाला, “समोरच्याने खांदा हलवला की फसतो.”

“त्याला म्हणावं, खांद्याकडे बघूच नको. कमरेकडे बघ. कंबर खोटं बोलत नाही.”

“तूच सांग ना.”

कॉर्डेलने फळीवर सांडलेला चुरा बोटाने गोळा केला. हा सामना झाला, की एलिसचा खेळ संपणार होता. फेब्रुवारीपासून तो एका गावच्या शाळेत भूगोल शिकवणार होता. त्याला कुठल्याच संघाने चाचणीलाही बोलावलं नव्हतं.

“तू चिडलायस का?” कॉर्डेलने अखेर विचारलं.

“छे. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.” एलिसने रिकामी पिशवी चुरगाळली. मग हसला. “खोटं बोललो. मी खेळलो असतो. पण त्यात माझं काय कौतुक? मला कोणी विचारलंच नाहीये.” त्याने फळीवरून उडी मारली, आणि जाता जाता खरंच कॉर्डेलच्या खांद्यावर एक थाप मारली, सावकाश, उतरंडीला हात लावावा तशी. ती थाप चांगली जोराची बसली असती तर बरं झालं असतं, असं कॉर्डेलला बराच वेळ वाटत राहिलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी त्याने पडदे ओढून घेतले. टीव्ही लावायचा नाही असं ठरवलं. नऊ वाजता आईचा फोन आला.

“कॉर्डेल, मी सांगितलं असं सांगू नकोस. तुझे डॅडी तिकडे आलेत.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? मॅचला. काल बसने निघाले. दोन तिकिटं आधीच काढून ठेवली होती ना, तू जाहीर करायच्या आधी. मी म्हटलं, पोरगा खेळत नाही तर पाचशे मैल कशाला जायचं? तर म्हणे, तिकीट आहे. पाव-चिकन बांधून दिलंय. शेजारची खुर्ची माझी आहे, ती रिकामीच असेल.” मग म्हणाली, “तुझा शर्ट घालून गेलेत रे. त्यांना कोणी काही बोलायला नको.”

फोन ठेवल्यावर तो पलंगाच्या काठावर बसून राहिला. डॅडी ऐंशी हजार माणसांत एकटे, अंगात चौऱ्याहत्तर नंबरचा हिरवा शर्ट, पाठीवर ‘पेटवे’. त्याने बूट चढवले.

मैदानाला छप्पर होतं. दारावर मिळालं ते तिकीट घेऊन बाहेरच्या राखाडी धुक्यातून तो आत आला आणि तिथे एक वेगळाच प्रहर चालू होता: सावल्या नसलेला, पांढरा, कुठल्याच दिवसाचा नसलेला. हुडी भुवयांपर्यंत ओढून, आईने सांगितलेली रांग शोधत तो वर वर चढत गेला. इतक्या उंचीवरून मैदान त्याने कधी पाहिलं नव्हतं. खाली हिरवी माणसं होती, पांढरी माणसं होती, ती एकमेकांत शिरत होती, सुटत होती, आणि कशाचाच आवाज येत नव्हता. म्हणजे लोकांचा येत होता, पण हाडांचा येत नव्हता. त्याचं आयुष्य ज्या आवाजात गेलं तो आवाज इथपर्यंत पोचतच नव्हता. तो क्षणभर जिन्यातच उभा राहिला, पाण्याच्या तळाशी असलेलं आपलं घर वरून बघावं तसा.

डॅडी कडेच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांच्या पलीकडे हिरवी टोपी घातलेली एक गोरी म्हातारी होती, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. ती त्यांच्याशीच बोलत होती.

“अजून हा शर्ट घालता तुम्ही? अहो, तो पळाला की. पोरांना तोंडघशी पाडून पळाला.”

“दुसरा आणला नाही, बाई,” डॅडी म्हणाले. “गार वाटतंय, काढू कसा?”

कॉर्डेल रिकाम्या खुर्चीत बसला. खुर्ची करकरली. डॅडींनी मान वळवून बघितलं, मग पुन्हा मैदानाकडे वळवली. म्हातारीने वाकून हुडीच्या आत पाहिलं, मग डॅडींच्या पाठीवरचं नाव पाहिलं, आणि तिच्या तोंडातली शेंग तोंडातच राहिली. मग तिने पिशवी डॅडींच्या पुढून लांबवून कॉर्डेलसमोर धरली. त्याने चार शेंगा घेतल्या.

“थँक यू, मॅडम.”

“हं,” म्हातारी म्हणाली आणि पुढे बघायला लागली.

तो मॅकायकडे बघत होता. दुसरीकडे बघणं त्याला येतच नव्हतं. मॅकाय एकदा फसला आणि एलिस आपटला. पुढच्या खेपेला मॅकाय खाली वाकून उभा राहिला, आणि त्याची नजर समोरच्याच्या कमरेवर होती. इतक्या लांबून नजर दिसत नाही, पण कॉर्डेलला ती आपल्या मानेत जाणवली. त्याचे स्वतःचे पाय खुर्चीखाली सरकत होते, डावा, उजवा, डावा. मध्यंतर झालं, डॅडींनी पावात घातलेलं चिकन दोन भाग करून एक त्याच्या हातात दिलं, आणि त्याने ते खाल्लं. तेव्हा कुठे त्याला बोलता आलं.

“डॅडी, तुम्ही माझ्यावर रागावलात.”

डॅडींनी तीन बोटांच्या हाताने गुडघ्यावरचा चुरा झटकला.

“मलाही तसंच वाटत होतं,” ते म्हणाले. “तीन आठवडे छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं. फोनवर तुझा आवाज आला, की ते आणखी वर यायचं. म्हटलं, राग असेल. दुसरं काय असणार?” खाली बँडवाली पोरं मैदानभर पसरत होती. “आज इथे येऊन बसलो. चेंडू उडाला. आणि पोटात काहीच नाही. एकदम मोकळं. चौदा वर्षं, कॉर्डेल, मी कधी मॅच बघितली नाही.”

“एकही चुकवली नाहीत तुम्ही.”

“आलो. बघितली नाही. मी तुझा नंबर बघायचो. गड्यांचा ढीग पडायचा आणि मी बघायचो, चौऱ्याहत्तर उठतोय की नाही. उठलास की श्वास घ्यायचा. की लगेच पुढचा ढीग. चेंडू कुठे गेला, ते लोक ओरडले की कळायचं.” ते हसल्यासारखे झाले. “भीती गेली, तर आता रिकाम्या जागेत काय ठेवायचं, ते मला समजत नव्हतं. त्याला मी राग म्हणत होतो. तुला मी म्हणेन तरी कसं, की खेळ? आणि नको म्हणायची तरी हिंमत कुठे होती? तुला आवडायचं ना.”

‘लोक ओरडले की कळायचं.’ एवढ्या मोठ्या मैदानात चेंडू न बघणारी दोन माणसं होती, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. त्याला सामन्यांचे सगळे शुक्रवार-शनिवार एकदम आठवले: फळ्यांच्या बाकांवर कुठेतरी तो वास, आणि त्या वासाच्या आत एक माणूस श्वास धरून बसलेला. आपण उठायचो तेव्हा अंगावरची माती झटकत थोडा वेळ उगीच काढायचो, ऐटीत. तेवढा वेळ तिकडे तो श्वास थांबलेला असायचा.

“आता बघतोय,” डॅडी म्हणाले. “तो रेनफ्रोचा पोरगा काय सुंदर फेकतो रे! मला कधी सांगितलं नाहीस.”

“मी तरी कुठे बघितलंय?”

डॅडींनी त्याच्याकडे वळून बघितलं, पहिल्यांदाच नीट. मग त्यांना हसू फुटलं, मग त्यालाही. म्हातारी म्हणाली, “हरतोय आपण, आणि तुम्हाला हसायला काय होतंय?”

हरतच होते. शेवटचं मिनिट आलं तेव्हा चार गुणांनी मागे होते, आणि निम्मं मैदान पुढे पडलं होतं. शेवटचे सहा सेकंद; पलीकडच्या टोकाला कोणी चेंडू पकडला तर सहा गुण, तरच जिंकणार. सगळे उभे राहिले. डॅडींनी त्याच्या दंडाला धरलं. “मॅकायकडे बघू नको,” ते म्हणाले. “चेंडूकडे बघ. वर.”

एलिस मागे सरकला. उजवीकडे बघितलं. मॅकायने एक सेकंद अडवलं, दुसरं अडवलं, तिसऱ्याला पांढरा गडी त्याच्या काखेखालून निसटला. एलिसचा हात मागे गेला, पुढे आला, आणि चेंडू सुटला. कॉर्डेलने तो बघितला. लहानसा, तपकिरी, स्वतःभोवती शांतपणे फिरत, त्या सावली नसलेल्या प्रकाशात वर चढत गेलेला. घाई नसलेला, कोणाचाच नसलेला. इतकं साधं होतं ते. आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांच्या कडेला खाली पांढरा गडी एलिसच्या पाठीवर आदळला, आणि त्याची नजर त्याला न विचारता वरून खाली उतरली. ऐंशी हजार माना वर होत्या. त्याची एकट्याची खाली. एलिस पालथा पडला होता, डावा हात अंगाखाली. त्याच्यावर एक जण, त्याच्यावर आणखी एक. गडी उठले. एलिस उठला नाही. कॉर्डेलला आपला श्वास छातीत लाकडासारखा आडवा झालेला जाणवला. लोक ओरडले; तो आवाज डोक्यावरून एखादं छप्पर कोसळावं तसा गेला, आणि तो कसला आहे हेही त्याला समजलं नाही.

“पकडला!” डॅडी ओरडत होते. त्यांच्या चेहऱ्यावर पाणी होतं, त्यांनी म्हातारीचे दोन्ही हात धरले होते. “बघितलंस? कॉर्डेल, पकडला! तू बघितलंस का?”

“उठ,” कॉर्डेल म्हणत होता, “उठ ना रे.”

डॅडींनी म्हातारीचे हात सोडले. त्यांनी त्याच्या नजरेच्या मागे मागे खाली बघितलं. नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

खाली हिरवे कपडे पलीकडच्या टोकाला एकमेकांवर कोसळत होते. इकडे कोणी नव्हतं, फक्त मॅकाय हेल्मेट धरून उभा. मग एलिसचा एक गुडघा हलला. तो कोपरावर आला. मॅकाय वाकला, त्याला काखेत हात घालून उभं केलं. डावा हात लोंबत होता, त्याच्याकडे एलिसचं लक्ष नव्हतं. तो मान उंचावून, या सगळ्या आरड्याओरड्यात, आपला चेंडू कुठे गेला ते शोधत होता.